हृदयाचा पंप आणि पक्षाघात: आईला आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात कृत्रिम हृदयपंपाच्या आधारावर असलेल्या एका लहान मुलीची बातमी आणि तिच्यासाठी मदतीचं आवाहन आलं होतं. माझ्या धाकट्या भावानं मिरजेहून त्या पानाचा फोटो पाठवला, कारण माझं रोजचं काम हेच आहे. मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि आता बरीच वर्षं टेक्सासमधल्या मुलांच्या एका इस्पितळात, हृदयाच्या आयसीयूत परिचारिका आहे. बातमीत यंत्राची किंमत होती, ते परदेशातून कसं आणलं हे होतं, दात्याच्या हृदयाची वाट पाहणारे आईवडील होते. पक्षाघाताचा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटण्याचा किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याचा, उल्लेख मात्र कुठंच नव्हता. डॉक्टरांनी वार्ताहराला सांगितलं नसेल किंवा जागेअभावी गाळलं गेलं असेल. पण असं यंत्र लावलेल्या मुलाच्या घरच्यांनी सगळ्यात जास्त डोळ्यांत तेल घालून जपायचं असतं ते यालाच. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, तरी जमलं तर पूर्ण छापावं.

आधी हे यंत्र काय असतं ते सांगते. हृदयाचा स्नायू पार दुबळा झाला, औषधांनी भागेना, आणि बदली हृदय मिळायला किती महिने लागतील याचा भरवसा नसेल, तर रक्त ढकलायचं काम पंपाकडे देतात. अगदी तान्ह्या मुलांसाठी जगभर जास्त वापरला जातो तो जर्मनीचा ‘बर्लिन हार्ट’. बर्लिनमध्ये १९९० साली पहिल्यांदा एका लहान मुलाला अशा पंपावर ठेवून पुढे त्याचं हृदय-प्रत्यारोपण करता आलं. हा पंप शरीराच्या बाहेर, पोटावर असतो. बरगड्यांच्या खालून दोन जाड नळ्या बाहेर येतात आणि मध्ये पारदर्शक वाटी असते, तिच्यात एका बाजूला रक्त आणि पातळ पडद्यापलीकडे हवा. हवेच्या दाबानं पडदा हलतो आणि रक्त पुढे जातं. सगळ्यात छोट्या वाटीत १० मिलीलिटर रक्त मावतं, म्हणजे औषधाचे दोन चमचे. मोठ्या मुलांना ‘हार्टमेट ३’ बसवता येतो. तो छातीच्या आत असतो, फक्त एक तार पोटाच्या कातडीतून बाहेर येऊन बॅटरीला जोडलेली असते. अमेरिकेत मुलांसाठी त्याला २०२० च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली.

ही यंत्रं मुलांना जगवतात, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पूर्वी अशा मुलांना एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्तात प्राणवायू मिसळून ते परत आत ढकलणाऱ्या यंत्रावर, ठेवत. एक्मोवर दोन-तीन आठवड्यांपलीकडे निभावणं कठीण, आणि मूल बहुतेक वेळ झोपवूनच ठेवावं लागे. पंपावरचं मूल जागं असतं, आईच्या मांडीवर बसतं, खातं, भिंतीला धरून चालायला शिकतं. बर्लिन हार्टला अमेरिकेत डिसेंबर २०११ मध्ये परवानगी मिळाली ती ज्या चाचणीवर, तिचे निष्कर्ष २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. पंप लावलेल्या मुलांचे वजनाउंचीनुसार चोवीस-चोवीसांचे दोन गट होते. एक्मोवरच्या मुलांच्या तुलनेत ही मुलं कितीतरी जास्त काळ जगली. आणि त्याच निबंधात हेही छापलं होतं की दोन्ही गटांत २९ टक्के मुलांना पक्षाघात झाला. प्रत्येक गटात चोवीसांतल्या सात जणांना. हे कुणी लपवलं नव्हतं. आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तो आकडा पाठ आहे. वर्तमानपत्रांत आणि मदतीच्या आवाहनांत मात्र तो पोचला नाही, आणि इस्पितळाच्या समुपदेशनाच्या खोलीतही तो बरेचदा घाईघाईनं, सहीच्या कागदातल्या इतर पंधरा ओळींबरोबर वाचला जातो.

रक्ताला आपल्या रक्तवाहिनीचं अस्तर ओळखीचं असतं. प्लास्टिक किंवा धातू लागला की काही मिनिटांत त्यावर प्रथिनांचा थर बसतो, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकटतात, फायब्रिनचे, म्हणजे गुठळी विणणाऱ्या प्रथिनाचे, धागे तयार होऊ लागतात. ओढ्याच्या मध्यावर शेवाळ धरत नाही, कडेला पाणी थबकतं तिथं धरतं, तसंच पंपाच्या झडपांपाशी, नळीच्या सांध्यापाशी होतं. मूल जितकं लहान तितका पंप छोटा, नळी बारीक, प्रवाह कमी. शिवाय तान्ह्या बाळाची रक्त गोठवण्याची आणि ते गोठू न देण्याची यंत्रणा अजून पिकलेली नसते. रक्त पातळ करणारं हेपॅरिन हे औषध अँटीथ्रॉम्बिन नावाच्या ज्या प्रथिनाच्या जोरावर काम करतं ते बाळाच्या रक्तात कमी असतं, म्हणून मोठ्यांसाठीचा हिशेब त्यांना लागू पडत नाही. त्यात एखादा जंतुसंसर्ग झाला की रक्त आणखी चिकट होतं. धागा किंवा गुठळी सुटली आणि मेंदूच्या धमनीत अडकली की त्या भागाचा रक्तपुरवठा बंद. म्हणून रक्त पातळ करणारी औषधं जोरात द्यायची, तर उलट बाजूनं मेंदूत रक्तस्राव होण्याचं भय. हाही पक्षाघातच, आणि बरेचदा जास्त वाईट. मुलाचा रक्तदाब चढला तर हे भय वाढतं. पंप लागल्यावर शरीराला अचानक भरपूर रक्त मिळू लागतं, आजवर आवळून राहिलेल्या रक्तवाहिन्या लगेच सैल होत नाहीत आणि दाब वर जातो. पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात नाजूक.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते, कारण या विषयावर लिहिणारे ती कधी सांगत नाहीत. बर्लिन हार्टची वाटी पारदर्शक ठेवली आहे ती तपासता यावी म्हणून. प्रत्येक शिफ्टला आम्ही खोलीतला दिवा मंद करतो, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा गोल आरसा घेतो आणि वाटीचा कण न् कण पाहतो. रक्त आत येणारी झडप, बाहेर जाणारी झडप, तिच्या तिन्ही पाकळ्यांच्या फटी, नळी जोडलेली कडा. पांढुरका धागा दिसला तर फायब्रिन. काळपट लाल ठिपका दिसला तर गुठळी. कागदावर पंपाचं चित्र छापलेलं असतं, त्यावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जागा मांडायची: चारच्या जागी, दोन मिलिमीटर, पांढरा, हलत नाही. जाणारी परिचारिका आणि येणारी परिचारिका दोघींनी मिळून हे पाहायचं, एकीनं कागदावर लिहिलेलं दुसरीनं वाचायचं एवढ्यावर भागत नाही. धागा वाढला, हलायला लागला, तर सर्जनला फोन. हा पंप बाहेर असल्यामुळे गुठळी धरलेली वाटी काढून नवी लावता येते, आणि छाती पुन्हा उघडावी लागत नाही. आणि आम्हाला सगळ्यात जास्त धसका कशाचा असतो, तर काल चित्रावर मांडलेला धागा आज जागेवर नसण्याचा. तो विरघळलेला नसतो, रक्ताबरोबर पुढे गेलेला असतो.

असंच एकदा झालं होतं. बाळ वर्षाच्या आतलं, आई मेक्सिकोहून आलेली, लोकांच्या घरी साफसफाई करणारी, शिक्षण बेताचं. पहाटे तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, ‘ही खुळखुळा डाव्या हातानंच घेतेय, उजवा हात उचलतच नाही.’ मॉनिटरवर सगळे आकडे नीट होते. बाळ रडत नव्हतं, दूधही प्यायलं होतं. मी उजव्या बाजूनं खुळखुळा धरला. बाळानं मान वळवली, डावा हात अंगावरून पलीकडे आणला आणि घेतला. टॉर्च लावला तर रात्रीच्या चित्रातला बाहेरच्या झडपेवरचा धागा गायब. या पंपांवर एमआरआय करता येत नाही, म्हणून सीटी स्कॅनला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला होता. लवकर कळल्यामुळे औषधांची फेरजुळणी करता आली, पंप बदलला, आत रक्तस्राव होऊ नये म्हणून दाब काटेकोर धरता आला. पुढे त्या मुलीला हृदय मिळालं. आज ती चालते, बोलते. उजव्या हाताची पकड कमजोर आहे, तिला फिजिओथेरपी अजून चालू आहे. हे सगळं आईच्या नजरेमुळे झालं, आणि आईची नजर तिथं गेली, कारण पंप लावण्याआधीच तिला दुभाष्यामार्फत बसवून सांगितलं होतं की हे होऊ शकतं आणि ते असं दिसतं.

संपादक महोदय, मला मुख्य म्हणायचंय ते इथं आहे. आपल्याकडे अशा वेळी पहिली धडपड असते ती आईला काही कळू न देण्याची. इथंही एका मराठी कुटुंबात मी ते पाहिलं. मुलाचे वडील आणि काका मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन म्हणाले, ‘ताई, तुम्ही आपल्याकडच्या आहात, समजून घ्या. तिला पॅरालिसिसचं वगैरे काही सांगू नका, ती हाय खाईल. जे काही आहे ते आम्हाला सांगा.’ त्यांच्या मनात मायाच होती, दुसरं काही नव्हतं. पण बाळाजवळ चोवीस तास कोण होतं? ती होती. काका संध्याकाळी येत, वडील नोकरी सांभाळून रात्री. बाळाचं ओठ मुडपून हसणं, कुठल्या कुशीवर झोपणं, कुठला हात आधी तोंडात जातो, हे तिला ठाऊक होतं, आम्हाला नाही. तिलाच अंधारात ठेवलं तर बाळाचा चेहरा एका बाजूला ओढलेला दिसला तरी ती समजेल की झोप नीट झाली नाही. मी त्या दोघांना बसवलं आणि हेच सांगितलं. डॉक्टरांनी मग सगळ्यांसमोर, तिच्याकडे बघून, सगळं समजावलं. ती रडली. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली आणि मला म्हणाली, ‘ताई, काय काय बघायचं ते लिहून द्या.’

मी लिहून दिलं तेच इथं देते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. एक हात किंवा एक पाय कमी हलणं. चेहऱ्याची एक बाजू खाली ओघळणं. नजर एकाच बाजूला खिळणं. हातापायाला किंवा डोळ्यांच्या पापण्यांना एका लयीत झटके येणं. तान्ह्या बाळांत पक्षाघाताची पहिली खूण बरेचदा आकडी हीच असते. नेहमी चटकन उठणारं मूल उठवूनही न उठणं. टाळू फुगलेली आणि टणक लागणं. मोठ्या मुलांत अचानक जोराचं डोकं दुखणं, उलटी, बोलताना शब्द अडखळणं. यातलं काहीही वाटलं तर त्याच क्षणी हाक मारायची, ‘उगाच त्रास कशाला द्यायचा’ असं म्हणत सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

त्याच कुटुंबात साताऱ्याहून आजी आल्या होत्या. नातवाला ताकद यावी म्हणून त्या घरून पालकाचं सूप, मेथीची पातळ भाजी मऊ भातात कालवून आणत. मूलही आवडीनं खाई. त्याला वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू होतं, आणि रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आयएनआर कारण नसताना खाली घसरला. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते वॉरफरिनचा असर कमी करतं. पालेभाजी बंद करायची गरज नसते. रोज साधारण तेवढीच द्यायची आणि किती दिली ते सांगायचं, म्हणजे औषधाचा डोस त्या हिशेबानं बसवता येतो. डब्याच्या दुधावरून अंगावरच्या दुधावर किंवा उलट गेलं तरी हाच फरक पडतो, कारण पावडरच्या दुधात के जीवनसत्त्व घातलेलं असतं आणि आईच्या दुधात ते फार थोडं. आजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर मात्र त्या इतक्या काटेकोर झाल्या की वाटी मोजून भाजी आणायच्या आणि मला वेळ सांगायच्या. कुठला काढा, कुठलं चूर्ण द्यायचा विचार असेल तर तेही याच कारणानं आधी विचारायला हवं. अंगारा लावायला माझी कधीच ना नव्हती.

पक्षाघाताचं प्रमाण नशिबावर सोडायची गोष्ट नाही, हे गेल्या दहा-बारा वर्षांत दिसून आलंय. आधी सगळीकडे कॅनडातल्या एडमंटन शहराच्या नावानं ओळखली जाणारी औषधपद्धत वापरत: हेपॅरिन, मग वॉरफरिन किंवा तान्ह्यांना एनॉक्झापॅरिन हे इंजेक्शन, सोबत प्लेटलेट्स चिकटू न देणारी अ‍ॅस्पिरिन आणि डायपिरिडामोल ही औषधं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी त्यात बदल केले, प्लेटलेट्सवरची औषधं वाढवली, दाह उसळला की स्टेरॉइड दिलं, आणि त्यांच्याकडे पक्षाघात कमी झाले. नंतर बायव्हॅलिरुडिन हे रक्त पातळ करणारं दुसरं औषध आलं. ते अँटीथ्रॉम्बिनवर विसंबत नाही, त्याचा असर तासाभरात ओसरतो, त्यामुळे डोस कमीजास्त करणं सोपं. ते सलाइनसारखं चोवीस तास चालू ठेवावं लागतं आणि महाग आहे, पण लहान मुलांत त्यानं फरक पडला. २०१७ साली मुलांच्या हृदयावर काम करणाऱ्या इस्पितळांनी ‘अ‍ॅक्शन’ नावाचं जाळं उभारलं. त्यांचं पक्षाघाताविरुद्धचं काम तीन गोष्टींवर उभं आहे: रक्त पातळ ठेवण्याची एकच ठरलेली पद्धत, रक्तदाबावर पक्की मर्यादा, आणि एकमेकांशी बोलणं. तिसरी गोष्ट वाचून कुणाला नवल वाटेल. पण मुलाच्या रक्तदाबाची आजची वरची मर्यादा किती, हे सर्जन, हृदयतज्ज्ञ, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट या चौघांना वेगवेगळं वाटत असेल तर औषध कितीही चांगलं असो, उपयोग नाही. खोलीतल्या फळ्यावर ते आकडे आम्ही रोज सकाळी मोठ्या अक्षरांत लिहितो, आईवडिलांना दिसतील असे.

रक्तदाब मोजणं ऐकायला सोपं वाटतं. दोन वर्षांचं मूल कफ बांधला की हंबरडा फोडतं आणि त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. ‘हार्टमेट’सारख्या सतत रक्त ढकलणाऱ्या पंपावर तर नाडीच जेमतेम लागते, नेहमीचं यंत्र चुकतं, आणि हातानं कफ फुगवून डॉप्लरच्या, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राच्या, आवाजावर दाब घ्यावा लागतो. हे करायला शिकलेली परिचारिका हवी आणि तिच्याकडे त्या वेळी दुसरी तीन मुलं नकोत.

यंत्रांचंही सांगायला हवं. मुलांत वापरला जाणारा ‘एचव्हीएडी’ हा छोटा पंप कंपनीनं जून २०२१ मध्ये बाजारातून काढून घेतला, कारण त्यावर पक्षाघातासारख्या मेंदूच्या तक्रारी जास्त दिसल्या आणि थांबलेला पंप पुन्हा सुरू न होण्याचे प्रकार घडले. हे ठरवता आलं, कारण बऱ्याच इस्पितळांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या, त्यात वाईट नोंदीही होत्या. आपल्याकडे मुलांच्या हृदयपंपाची केंद्रं अजून मोजकी आहेत. एकेका केंद्रावर वर्षाला थोडीच मुलं येणार. प्रत्येकानं आपापली कहाणी आपल्याच कपाटात ठेवली तर कुणालाच काही शिकता येणार नाही. किती मुलांना पंप लावला, त्यातल्या किती जणांना पक्षाघात झाला, कितव्या दिवशी, त्या वेळी रक्तदाब किती होता, कुठलं औषध चालू होतं, एवढी नोंद सगळ्यांनी मिळून ठेवावी आणि ती जाहीर करावी, असं मला कळकळीनं वाटतं. यशस्वी शस्त्रक्रियेच्या पत्रकार परिषदेत हे आकडे विचारायचं काम तुमच्या वार्ताहरांचं आहे.

आणि आपण ज्या मुलीसाठी मदत मागितली आहे तिच्या आईवडिलांपर्यंत शक्य झाल्यास एवढं पोचवा. त्यांनी डॉक्टरांना विचारावं: तुमच्याकडे आजवर अशा किती मुलांना पक्षाघात झाला? रक्त पातळ करण्यासाठी कुठलं औषध देणार आणि ते बरोबर लागू पडतंय हे कुठल्या तपासणीनं बघणार? रक्तदाबाची वरची मर्यादा किती, आणि ती ओलांडली तर किती वेळात कोण येणार? रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि मेंदूचे डॉक्टर मिळतील का? पंप बाहेरचा असेल तर तो टॉर्च लावून कोण, किती वेळा तपासणार, आणि आम्हाला शेजारी उभं राहून बघू द्याल का? गोळा होणाऱ्या पैशांतला काही भाग पंपानंतरच्या फिजिओथेरपीसाठी राखून ठेवावा. पंप आणि शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात तो खर्च बहुधा धरलेला नसतो, आणि गरज पडली तर तो काही वर्षं चालतो. मुलीच्या आईला इंग्रजी कागद समजत नसेल तर मी मराठीतून फोनवर बोलायला तयार आहे. माझा नंबर आपल्या कार्यालयाकडे वेगळा पाठवला आहे.

कळावे,
आपली,
एक परिचारिका
(मूळची मिरजेची, सध्या टेक्सास)